पूर्ण एक मिनिट

निरोप समारंभात भाषणं खूप झाली. 'सेवाभावी', 'मनमिळाऊ', 'हसतमुख' सगळं बोलून झालं. पण जे सांगायला हवं होतं, ते माझ्या तोंडून निघालंच नाही. सोळा वर्षं जिच्या सोबत काम केलं, त्या एका सिस्टरची ही गोष्ट...

३१ मे. सरकारी नोकरीत या तारखेला दरवर्षी कुणी ना कुणी निवृत्त होतंच. पूर्वी शाळेत नाव घालताना ज्या पोराची जन्मतारीख घरच्यांना सांगता येत नसे, त्याची १ जून टाकून गुरुजी मोकळे व्हायचे. त्यामुळे अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी आणि निवृत्तीही एकाच दिवशी! २०२५ च्या ३१ मेला आमच्या ताई निवृत्त झाल्या.

दवाखान्याच्या मीटिंगच्या खोलीत समारंभ झाला. शाल, श्रीफळ, साडी आणि आपल्याकडे निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला मिळतं तसं भिंतीवरचं घड्याळ. वेळेवर धावण्याची गरज संपली की माणसाला घड्याळ का देतात, देव जाणे! ताईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "याला सेकंदकाटा आहे ना गं?"

बाकी कुणाला काही कळलं नाही. माझ्या मात्र डोळ्यांत टचकन पाणी आलं.

माईक हातात आला तेव्हा मी कसंबसं एवढंच म्हणाले, "ताईंनी मला मोजायला शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मी पगाराच्या हिशेबाबद्दल बोलतेय. त्या दिवशी जे बोलायचं राहिलं, ते आज तुम्हाला सांगते. नाव मात्र लिहीत नाही. "माझं नाव टाकलंस तर बघ," असा दमच भरलाय त्यांनी.

नारळ आणि कणीक

आमचं मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. दिवाळी झाली की इथून वाड्यावस्त्याच्या वाड्यावस्त्या ऊसतोडीला जातात. बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यामुळे आमच्या दवाखान्यात मार्च-एप्रिलमध्ये बाळंतपणांची गर्दी उसळते. त्यातल्या कितीतरी जणी अशा, की ज्यांचं बीपी अख्ख्या गरोदरपणात कुणी पाहिलेलंच नसतं.

सरकारी कागदावर आम्ही 'अधिपरिचारिका'. त्यावर 'परिसेविका', म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. त्याहून वर 'अधिसेविका', म्हणजे मेट्रन. लोकांच्या तोंडी मात्र आम्ही सगळ्या 'शिष्टर'च! मी २००९ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून कंत्राटावर लागले, तेव्हा ताई लेबर रूमला होत्या. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म आणि डाव्या मनगटावर मोठ्या तबकडीचं जुनं घड्याळ. पुरुषी वाटावं असं. नाजूक सोनेरी घड्याळ त्यांनी कधी घातलं नाही. कारण एकच, त्याला सेकंदकाटा नसतो.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एका बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवायला लावला. बेंबीच्या जरा खाली. "काय लागतंय?"

"कडक लागतंय ताई."

"कशासारखं?"

मी गप्प. पुस्तकात 'आकुंचित गर्भाशय' असं लिहिलेलं होतं. 'कशासारखं' ते लिहिलेलं नव्हतं.

"नारळासारखं," ताई म्हणाल्या. "नारळ लागला तर निर्धास्त. तिंबलेल्या कणकेसारखं मऊ लागलं, की समज आत रक्त साचतंय. मग डॉक्टर येईपर्यंत वाट बघत बसायचं नाही. हात चालवायचा."

त्यामागचं शास्त्र त्यांनी नंतर समजावून सांगितलं. बाळ आणि वार बाहेर पडली, की वार जिथे चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात. पिशवी घट्ट आवळली गेली तरच त्यांची तोंडं दाबली जातात. पिशवी सैल पडली, तर बाई डोळ्यांदेखत रिकामी होत जाते. म्हणून बाळ जन्मलं की मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. म्हणून पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात. आणि म्हणूनच ताईंचा प्रत्येक बाळंतिणीमागे एक लकडा, "आधी लघवीला जाऊन ये बाई." लघवीची पिशवी भरलेली असली तर गर्भाशय आवळत नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय या बाई सारख्या लघवीचं विचारतात!

एकदा एका घरी पाच वर्षांनी पाळणा हलला. व्हरांड्यात पेढे वाटणं चालू. आतली बाळंतीण हसतेय, बोलतेय, नाडी ठीक. ताईंनी जाता जाता तिच्या पोटावर हात ठेवला आणि तिथेच थांबल्या. कणीक! पांघरूण बाजूला करतात तर खालचा कपडा भिजलेला. एक हात पोटावर गोल गोल दाबत फिरवत राहिल्या आणि तोंडाने कामं वाटत गेल्या. "मावशी, डॉक्टरांना बोलवा. तू दुसऱ्या हाताला सुई लाव. सलाईनमध्ये ऑक्सिटोसिन. रक्तगट बघा कागदावर." आवाज जराही चढलेला नाही. आणि मध्येच त्या बाईला म्हणतात, "दुखतंय ना? दुखू दे. मला शिव्या दे हव्या तर, पण डोळे मिटू नको. पोराचं नाव काय ठेवणार ते सांग."

वीस-पंचवीस मिनिटांनी पिशवी नारळ झाली. बाहेर पेढ्यांचा दुसरा पुडा फुटला होता. आत काय झालं, ते तिथे कुणालाही ठाऊक नव्हतं. ताईंनी हात धुतले, एक पेढा घेतला आणि म्हणाल्या, "गोड आहे."

आधी आई, मग बाळ

लेबर रूमचं दार उघडलं की बाहेरची सगळी माणसं एकच प्रश्न विचारतात, "काय झालं?" त्या दोन शब्दांचा अर्थ आपल्या सगळ्याजणींना चांगलाच ठाऊक आहे. ताईंची उत्तर द्यायची पद्धत ठरलेली. "बाई चांगली आहे. बाळ लगेच रडलं. वजन अडीच किलो. दोघंही सुखरूप." पुन्हा "काय झालं?" विचारलं, की थोडं थांबून, "तेच तर सांगतेय. सुखरूप झालं. मुलगी आहे." त्यांचं म्हणणं असायचं, की घरच्यांनी ऐकलेली पहिली बातमी त्या बाईची असली पाहिजे. नऊ महिने तिनं काढलेत.

त्या काही देवी नव्हत्या हं! जीभ फार तिखट. बाळाला मध चाटवायला आलेल्या एका आत्याबाईंना त्यांनी असं झापलं होतं, की त्या बारशापर्यंत दवाखान्याकडे फिरकल्या नसतील. अक्षर असं, की ते त्यांनाच वाचता यावं. कुणाची मदत घेतील तर शपथ! पण माणूस ओळखावं तर त्यांनी.

एकदा सोळाशे ग्रॅमची एक मुलगी जन्मली, दिवस भरायच्या आधी. आई सिझेरियनची, तापाने फणफणलेली. बाळाला ऊब देणारं यंत्र एक आणि बाळं तीन. आजी भिंतीकडे तोंड करून बसलेली. नातीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आम्ही कुजबुजत होतो, "बघा कशी बसलीय." ताई सरळ जाऊन तिच्याशेजारी खाली बसल्या. "आजी, तुमच्याकडे एक काम आहे. आमच्याकडे मशीन कमी आहेत. तुमच्या अंगाची ऊब लागेल."

पडदा लावून त्यांनी आजीची चोळी सोडायला लावली आणि बाळाला टोपी घालून, उघडं, उभं, छातीशी धरवलं. वरून लुगड्याचा पदर गुंडाळला. याला 'कांगारू मदर केअर' म्हणतात. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या शेवटी, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून डॉक्टरांनी ही रीत सुरू केली. आता ती जगभर वापरतात. आई नसेल तर बाप, आजी, मावशी, कुणीही करू शकतं. तासाभराने मी बाळ घ्यायला गेले तर आजी म्हणाली, "राहू दे की. निजलीय ती."

ताईंनी तिला मुलीच्या जन्मावर एक अक्षर ऐकवलं नाही. नुसतं काम दिलं.

अठरा

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले, ती सांगते. ती माझ्या चुकीची आहे.

२०१० चा मार्च महिना. मी तेवीस वर्षांची. अकरा महिन्यांचं कंत्राट, दोन महिन्यांनी संपणारं. धाकट्या भावाची फी माझ्या पगारातून जायची. त्या रात्री मी बाळंतिणींच्या वॉर्डला एकटी होते. खाटा वीस, बाळंतिणी एकतीस. काही जमिनीवर गाद्या टाकून. बाळं वेगळीच.

त्यात एक वीस वर्षांची मुलगी होती. ऊसतोडीहून नुकतीच परतलेली, पहिलटकरीण. पाय-तोंड सुजलेलं, बीपी १७० वर ११०. जीपमधून आणतानाच तिला झटके आले होते. झटके थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट देतात. फार गुणाचं औषध, हजारो बायका त्यानं वाचल्या आहेत. दुपारी तिचं बाळंतपण झालं, बाळही वाचलं. पण बाळंतपणानंतर चोवीस तास ते इंजेक्शन दर चार तासांनी चालू ठेवायचं होतं.

या औषधाची एक मेख आहे. ते लघवीवाटे शरीराबाहेर जातं. लघवी कमी झाली की आत साचत जातं. साचलं, की आधी गुडघ्याला टिचकी मारल्यावर पाय उडतो तो उडेनासा होतो. मग श्वास मंदावतो. मग थांबतो. म्हणून प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी बघायच्याच. लघवी किती झाली, पाय उडतो का आणि मिनिटाला श्वास किती. सोळाच्या खाली असेल तर डोस द्यायचा नाही.

रात्री दोनचा डोस होता. एकीकडे एक बाळ दूध ओढत नव्हतं, एकीचे टाके ठणकत होते, कुणाची सलाईन संपली होती. मी लांबूनच त्या मुलीकडे पाहिलं. शांत झोपली होती. वाटलं, बरं झालं बिचारीला झोप लागली. चार्ट ओढला आणि लिहिलं, 'श्वसन १८.' पाय उडतो, 'हो.' लघवी, 'ठीक.' मोजलं काहीच नाही. सांगायला लाज वाटते, पण खरं सांगायचं तर अठरा हा आकडा असाच लिहायची सवय बऱ्याच जणींना असते. दिसायला बरा दिसतो.

इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं, तेवढ्यात ताई लेबर रूममधून कापसाचा गठ्ठा मागायला आल्या. त्या मुलीच्या खाटेजवळून जाताना थांबल्या. तिच्या पोटावर अलगद हात ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळात पाहू लागल्या. मी काहीतरी बोलायला गेले, तर दुसरा हात वर करून गप्प केलं.

पूर्ण एक मिनिट. तेवढं लांब मिनिट मी आयुष्यात पाहिलं नाही.

"अकरा," त्या म्हणाल्या. तिचा गुडघा हातावर उचलून वाटीखाली टिचकी मारली. पाय लाकडासारखा. पुन्हा मारली. काही नाही. खाली वाकून लघवीची पिशवी पाहिली. तळाशी इवलंसं साचलेलं.

"ते इंजेक्शन बाजूला ठेव. ऑक्सिजन आण. मामांना डॉक्टरांकडे पळव."

डॉक्टर आले. उताऱ्याचं औषध, कॅल्शियम ग्लुकोनेट, अगदी सावकाश शिरेतून दिलं. ताईंनी लेबर रूमच्या मावशींना निरोप धाडला, की काही लागलं तर हाक मारा, आणि खाटेशेजारी उभ्या राहिल्या. दर पाच मिनिटांनी मोजत होत्या. बारा. बारा. चौदा. पहाटे पाचच्या सुमारास त्यांनी मला म्हटलं, "आता तू टिचकी मार." मी मारली. पाय उडाला. जेमतेम बोटभर. मी तिथेच खाली बसले आणि रडायला लागले.

"रड," त्या म्हणाल्या, "पण लवकर आटप. सातला रिपोर्ट द्यायचाय."

मग त्यांनी चार्ट माझ्यापुढे धरला. 'कुणी लिहिलं' असं विचारलं नाही. ड्युटीवर मी एकटीच होते.

"डॉक्टरांना हे तू सांगणार, की मी सांगू? मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तू सांगितलंस तर तो रिपोर्ट होईल."

मी हात जोडले. "ताई, माझं कंत्राट जाईल हो."

"जाईल कदाचित," त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही. "आधी चार्ट नीट कर. खाडाखोड करू नको, त्यावर काही गिरवू नको. एक रेघ मार. आधीचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिही, वेळ घाल, सही कर."

मी म्हटलं, "एकतीस बायका होत्या ताई. कुणाकुणाचं मोजू?"

तेव्हा त्या जे बोलल्या, ते मी आजतागायत विसरलेले नाही.

"गर्दी होती हे खरंच आहे. मोजणं झालं नाही, तर रकाना मोकळा सोड. मोकळा रकाना दिसला तर कुणीतरी येऊन मोजेल. अठरा दिसलं, की कोणी येणार नाही."

सकाळी सातला मी डॉक्टरांना स्वतः सांगितलं. ते भडकले, आणि त्यांचं बरोबरच होतं. ताई माझ्या बाजूला उभ्या होत्या. मला पाठीशी घातलं नाही. "चूक झालीय साहेब, तिनं कबूलही केलीय. मेमो द्या. पण त्याच कागदावर हेही लिहा, की रात्री एकतीस बाळंतिणींना एक नर्स होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

त्याहून अवघड पुढे होतं. त्या मुलीची आई रात्रभर व्हरांड्यात बसली होती. ताई मला घेऊन तिच्याकडे गेल्या. सोप्या शब्दांत सांगितलं, "मावशी, तुमच्या लेकीच्या अंगात रात्री औषध जास्त साचलं होतं. ते आमच्या लवकर लक्षात यायला पाहिजे होतं, आलं नाही. मग आलं, उतारा दिला. आता ती बरी आहे."

त्या माउलीनं आरडाओरडा केला नाही. नुसतं विचारलं, "म्हंजी रात्री ती निजली व्हती, ती झोप नव्हती व्हय?"

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. ताई म्हणाल्या, "नाही मावशी. झोप नव्हती."

दुसऱ्या दिवशीही मला नाईटच होती. मला वाटलं, त्या मुलीच्या जवळपास मला फिरकू देणार नाहीत. ताईंनी उलट केलं. तिचे सगळे चार्ट माझ्या हातात दिले. "आज हिचं तूच बघायचं. नाहीतर उद्यापासून हात लावायला भिशील, आणि भित्री नर्स बेफिकीर नर्सइतकीच वाईट."

मला मेमो मिळाला. तो मी अजून जपून ठेवलाय. कंत्राट मात्र वाढवून मिळालं. पुढे काही महिन्यांनी वॉर्डला रात्री दुसरी नर्सही आली. कशामुळे आली ते मला माहीत नाही. मेमोवरच्या त्या दुसऱ्या वाक्यामुळे आली असावी, असं मी मानते.

२०१३ साली ती मुलगी दुसऱ्या खेपेला आली. तिसऱ्या महिन्यातच नाव नोंदवलं, प्रत्येक तपासणीला आली. "या वर्षी उसाला नाही गेले," म्हणाली. तिनं मला ओळखलं नाही. मी तिला ओळखलं.

दिवा आणि वही

१२ मे हा फ्लोरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. तो परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. आमच्याकडे दरवर्षी मेणबत्त्या लावतात, हातात दिवा घेतलेल्या बाईंचा फोटो ठेवतात, आणि पाहुणे 'तुम्ही देवदूत आहात' असं भाषण करून जातात. उरलेले दिवस त्याच आम्ही 'उद्धट शिष्टर' असतो. खरं म्हणजे आम्ही या दोन्हीपैकी काहीच नसतो.

नाइटिंगेलबाईंचा दिवा सगळ्यांना आठवतो. त्यांची वही कुणाला आठवत नाही. क्रायमियाच्या युद्धात त्यांनी किती सैनिक कशाने मेले ते मोजलं आणि १८५८ साली त्याचे तक्ते रंगवून छापले. जखमांपेक्षा घाणीतून होणाऱ्या रोगांनीच जास्त माणसं गेली, हे त्या तक्त्यांनी सरकारला दाखवून दिलं. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला सभासद. म्हणजे रात्री दिवा घेऊन फिरणारी ती बाई मोजत होती! ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. "मग बरोबर आहे. नुसता दिवा घेऊन फिरून काय होतंय?"

आपण माया म्हणतो ते काय असतं हो? डोक्यावरून हात फिरवणं, गोड बोलणं. तेही हवंच. पण आजारी माणसाला त्याहून जास्त हवं असतं ते कुणीतरी आपल्याकडे खरोखर पाहणं. एक पूर्ण मिनिट, दुसरं काहीही न करता. ताईंची माया अशी होती. ती घड्याळात बघत बसलेली असायची, म्हणून ती लोकांना दिसायची नाही.

पुढे ताई परिसेविका झाल्या आणि त्यांच्या वॉर्डात एक नियम आला. मोकळा रकाना दिसला तर कुणी रागावायचं नाही, ज्याला दिसला त्यानं मोजायचं. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, नव्या नव्या मुली तात्पुरत्या भरल्या होत्या. त्या अंगभर किट घालून, घामाने निथळत, बोटावरच्या यंत्राचा आकडा लिहायच्या आणि पुढे जायच्या. ताई त्यांना थांबवायच्या. "यंत्र बघ, पण छातीही बघ. श्वास मोज." किती जणांची बिघडत चाललेली तब्येत अशी वेळेत कळली, त्याची नोंद कुठल्या कागदावर नाही. जे वाईट घडलं त्याच्या फायली होतात. जे घडलं नाही, त्याची फाईल कोण करणार?

ताईंचा शेवटचा दिवसही सांगून टाकते. समारंभ अकरा वाजता होता. त्या नेहमीप्रमाणे सकाळीच युनिफॉर्ममध्ये आल्या आणि बाळंतिणींच्या वॉर्डात राऊंडला निघाल्या. मी सोबत होते. पाचव्या खाटेवरच्या चार्टवर श्वसनाचा रकाना मोकळा होता. नव्यानेच लागलेली मुलगी धावत आली, चेहरा उतरलेला. "सॉरी ताई, एवढं एक राहिलंय."

"राहू दे," ताई म्हणाल्या. "मोकळं सोडलंस ना? झालं तर मग."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवला, मनगट वर केलं. आम्ही तिघीही उभ्या राहिलो. कुणी बोललं नाही. बाहेर समारंभासाठी खुर्च्या लावल्याचा आवाज येत होता.

बावीस भरले. अंगाला हात लावला तर ताप होता. डॉक्टरांना कळवलं, त्या नव्या मुलीनं रकान्यात बावीस लिहिलं, वेळ घातली, सही केली.

मग ताई हात धुऊन समारंभाला गेल्या.

बाळंतिणीजवळ बसणाऱ्यांसाठी, ताईंनी सांगितलेलं

० बाळंतपणानंतर तासाभराच्या आत पॅड किंवा कपडा पूर्ण भिजला, मोठ्या गुठळ्या पडल्या, किंवा बाळंतिणीला चक्कर आली, अंग गार पडलं, तर लगेच सिस्टरला बोलवा. 'असं होतंच' म्हणून गप्प बसू नका.

० गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत डोकं खूप दुखणं, धूसर दिसणं, चेहऱ्या-हातांवर सूज, पोटात वरच्या बाजूला दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी बीपी तपासून घ्या.

० बाळंतीण गाढ झोपलीय असं वाटलं, तरी मधून मधून हाक मारून बघा. ओ देत नसेल तर झोप समजू नका.

० बाळाला मध, घुटी, साखरपाणी नको. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध.

० सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि बाळंतिणीचं जेवण मोफत आहे (जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, २०११ पासून). गाडीसाठी १०२ किंवा १०८ ला फोन करा.

० आणि सिस्टर घड्याळात बघत उभी असेल, तर तेवढं एक मिनिट तिला काही विचारू नका. ती मोजत असते.